दिव्यावरचा मणी

शाळेच्या प्रयोगशाळेत टाकणखाराच्या मण्याची परीक्षा ज्यांनी स्वतः केली आहे, त्यांना पुढचे वर्णन ओळखीचे वाटेल. प्लॅटिनमच्या (परवडत नसेल तर निक्रोमच्या) तारेच्या टोकाला बारीक फासा करायचा, तो तापवून टाकणखाराच्या भुकटीत बुडवायचा आणि पुन्हा ज्योतीत धरायचा. टाकणखार आधी पापडासारखा फुलतो, कारण त्यातले स्फटिकजल निघून जात असते. मग तो बसतो, वितळतो आणि फाशात पाण्याच्या थेंबासारखा स्वच्छ मणी तयार होतो. हा मणी कोबाल्टच्या क्षाराच्या एखाद्या कणाला टेकवून परत तापवला की गडद निळा होतो. आपण वहीत ‘कोबाल्ट उपस्थित’ असे लिहितो, तार ठोकून साफ करतो आणि पुढच्या क्षाराकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिबिरात मी हा प्रयोग करून दाखवत होते. नववीतल्या एका मुलीने तार साफ करण्याऐवजी कापून घेतली, दुसरा तसाच निळा मणी केला आणि दोन्ही तारांना आकडे काढून मला विचारले, “बाई, हे डूल म्हणून कानात घालता येतील का?” मी म्हटले, “का नाही? काचच आहे ती.” त्यानंतर पावसाळा आला. तिच्या शिक्षकांचे पत्र आले, त्यात इतर मजकुराबरोबर एक ओळ होती: डूल पांढरे पडले आहेत, वरून खडीसाखरेसारखे दिसतात आणि हाताला चिकट लागतात.

माझे उत्तर अर्धे बरोबर होते. तो मणी काचच होता, म्हणजे अणूंची स्फटिकासारखी शिस्तबद्ध मांडणी होण्याआधीच थिजलेला द्रव. पण नुसती काच असणे दागिन्याला पुरत नाही. टाकणखाराची काच हवेतले बाष्प ओढून घेते आणि हळूहळू परत सजल टाकणखार होऊ लागते. पावसाळ्यात, घामात, तेलकट केसांच्या सोबतीत जो मणी वर्षानुवर्षे टिकायचा आहे, त्याच्यात आणखी काहीतरी लागते. ते काय, हे माणसाला रसायनशास्त्र यायच्या कितीतरी आधी हाताने सापडलेले होते. त्या मुलीला जे सांगायला हवे होते आणि त्या दिवशी सुचले नाही, ते आता इथे लिहिते आहे.

काच मुळात वाळूची. शुद्ध वाळू, म्हणजे सिलिका, वितळायला १७०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागते. प्राचीन भट्टीला ते झेपणारे नव्हते. वाळूत सोडा मिसळला तर मिश्रण बरेच आधी वितळते. पण नुसत्या वाळू-सोड्याची काच पाण्यात विरघळते. तिला ‘जलकाच’ म्हणतात ती उगाच नव्हे. तिसरा घटक चुना. चुन्यातले कॅल्शियम त्या सैल जाळ्यात अडकून बसते आणि सोडियमला पाण्याबरोबर पळून जाऊ देत नाही. गंमत अशी की मेसोपोटेमियातल्या आणि इजिप्तमधल्या काचकारांनी चुना वेगळा घातल्याचे दिसत नाही. तो वनस्पतींच्या राखेतून किंवा शिंपल्यांचा चुरा असलेल्या वाळूतून आपोआप येत होता. त्यांची भट्टी जमली ती अमुक ठिकाणची वाळू आणि अमुक झाडाची राख म्हणून. जागा बदलली की काच बिघडे, आणि का बिघडली हे सांगता येत नसे.

भारतात काचेचे मणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाच्या सुरुवातीपासून सापडतात. शतपथ ब्राह्मणात अश्वमेधाच्या घोड्याच्या आयाळीत आणि शेपटीत राजस्त्रिया ‘काच’ गुंफतात असा उल्लेख आहे. हा काच म्हणजे आपली काच की मोत्यासारखे दुसरे काही, यावर विद्वानांत एकमत नाही. शब्द मात्र तेव्हाचा आहे. या विषयावरचा आपल्याकडचा पायाभूत ग्रंथ एका मराठी पुरातत्त्वज्ञाचा आहे: मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचा भारतीय काचेचा इतिहास मुंबई विद्यापीठाने १९६९ साली इंग्रजीत प्रसिद्ध केला. दीक्षितांनी १९४५–४६ मध्ये ह. धी. सांकलियांबरोबर कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीचे उत्खनन केले होते. मातीच्या थरातून निघालेला मणी चिमटीत धरून तो कसा केला असेल हे ओळखायची दृष्टी अशा कामातून तयार होते.

ती दृष्टी आपल्यालाही थोडीशी कमावता येते. दहा पट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि घरातल्या जुन्या माळेतला, शक्यतो थोडा पारदर्शक मणी उजेडासमोर धरा. काचेत बारीक बुडबुडे किंवा रंगाच्या रेषा दिसतील. त्या भोकाच्या दिशेने लांबट धावत असतील, तर मणी ‘ओढीव’ आहे: काचेची लांब पोकळ नळी ओढली आणि तिचे तुकडे केले. बुडबुडे व रेषा भोकाभोवती वळसे घेत असतील तर तो ‘वळीव’ आहे: तारेवर किंवा सळईवर वितळलेली काच गुंडाळत नेली. काचेचे मणी करण्याच्या ज्या मोजक्या रीती आहेत त्यांतल्या या दोन प्रमुख. साच्यात दाबलेल्या मण्यावर बहुधा जोडाची बारीक कड सापडते. एका तासात वर्गातल्या मुलांना हे ओळखता येऊ लागते, आणि घरच्या पेट्यांतून कायकाय बाहेर येईल याचा अंदाज करता येत नाही.

ओढीव मणी ही भारताची खासियत. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४५ मध्ये खणले ते रोमन व्यापाराच्या खुणा शोधत. पण तिथे मणी करण्याचा उद्योग होता, आणि तसले छोटे एकरंगी मणी आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून आग्नेय आशियाच्या पलीकडेपर्यंत सापडतात. अमेरिकन संशोधक पीटर फ्रान्सिस (धाकटे) यांनी त्यांना ‘इंडो-पॅसिफिक मणी’ हे नाव दिले. बहुतेकांचा व्यास सहा मिलिमीटरच्या आतच. हीच रीत आंध्र प्रदेशातल्या पापानायडुपेटच्या कारागिरांनी आपल्या काळापर्यंत जपली. लांब पोकळ लोखंडी नळीवर काचेचा मोठा गोळा घेतात, नळीतून एक सळई सारून गोळ्याला आरपार भोक पाडतात, आणि भट्टीच्या दुसऱ्या बाजूला बसलेला माणूस आकड्याने काचेचे टोक पकडून हातानेच नळी ओढू लागतो. तासन्तास ओढतच राहतो. ओढण्याचा वेग वाढला की नळी बारीक, मंदावला की जाड. मोजायला हाताशिवाय साधन नाही. मग नळीचे तुकडे करून ते राखेत घोळवून पुन्हा तापवतात. धारदार कडा वितळून गोल होतात, आणि राखेमुळे भोक बुजत नाही व मणी एकमेकांना चिकटत नाहीत.

आता दिव्याकडे येऊ. ओढीव मण्याला मोठी भट्टी लागते, इंधन लागते, चारपाच माणसे लागतात. वळीव मणीही भट्टीच्या तोंडाशी करता येतात. उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यातले पुर्दिलनगर त्याच कामाचे गाव. पण काचेच्या कांड्या एकदा कुणीतरी भट्टीवर करून दिल्या, की पुढचे वळणे एका माणसाला मेजावर, एका दिव्याच्या ज्योतीवर करता येते. नुसत्या दिव्याची ज्योत त्याला पुरत नाही, कारण तिच्या पोटात जळायला पुरेशी हवा पोहोचत नाही. मेजाखाली पायाने चालवायचा भाता आणि त्यातून निघालेली बारीक नळी ज्योतीत सोडली, की ती आडवी, टोकदार आणि खूप तापट होते. सोनाराची फुंकनळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे तत्त्व वेगळे सांगायला नको. फरक इतकाच की इथे फुंकायचे काम पायाकडे जाते, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात: एका हातात काचेची कांडी, दुसऱ्यात तार. अठराव्या शतकातल्या दिदरोच्या फ्रेंच विश्वकोशातल्या चित्रांत असे मेज आणि त्यावर काम करणारी माणसे पाहायला मिळतात.

या कामाला उद्योगाचे रूप आले ते व्हेनिसमध्ये. आगीच्या भीतीने १२९१ साली तिथल्या राज्याने काचेच्या भट्ट्या शहराबाहेर मुरानो बेटावर नेल्या. दिव्यावरच्या कामाला मात्र भट्टी लागत नाही, त्यामुळे ते शहरात, घराघरांत पसरू शकले, आणि सतराव्या शतकाच्या मध्यास या कारागिरांचा स्वतंत्र संघही झाला. ओवण्याचे काम बायका करत. मांडीवर मण्यांनी भरलेली लाकडी पेटी घेऊन दारात बसणाऱ्या या स्त्रियांना तिथल्या बोलीत ‘इम्पिरारेस्से’ म्हणत. मणी वळणाऱ्यांच्या मानाने त्यांची मजुरी कमी असे. आणि हे मणी जात कुठे? फार मोठा वाटा पश्चिम आफ्रिकेत. सोने, हस्तिदंत आणि माणसे विकत घेण्यासाठी जो माल जहाजांत भरला जाई, त्यात काचेचे मणी होते. आज संग्रहालयांत या रंगीबेरंगी मण्यांपुढे आपण कौतुकाने थबकतो, तेव्हा एवढे ध्यानात असावे.

मणी तारेवरून सुटा कसा करायचा, हा वरकरणी क्षुल्लक प्रश्न. वितळलेली काच धातूला चिकटते. व्हेनिसच्या कारागिरांनी तांब्याची तार वापरून पुढे ती नायट्रिक आम्लात विरघळवण्याची युक्ती काढली होती. काचेला ते आम्ल काही करत नाही, तांबे मात्र तपकिरी वाफा सोडत निघून जाते. ही अभिक्रिया आपण दहावीपुढच्या प्रत्येक मुलाकडून पाठ करून घेतो, पण तिचा हा उपयोग सांगत नाही. दुसरी युक्ती सोपी: लोखंडी सळईला मातीचा पातळ लेप द्यायचा, तो वाळवायचा आणि त्यावर काच गुंडाळायची. निवताना लोखंड काचेपेक्षा किंचित जास्त आकसते, लेपाचा भुगा होतो आणि मणी हाताने फिरवून निघतो. जुन्या वळीव मण्यांच्या भोकात कधी कधी त्या मातीचा पांढुरका थर अजून चिकटलेला सापडतो. भोक घासून साफ करण्याची घाई करू नये, असे मी माळांच्या मालकांना नेहमी सांगते. तो थरच पुष्कळ बोलतो.

दिव्यावरच्या मण्याचा विज्ञानाशी संबंध टाकणखाराच्या परीक्षेपुरता नाही. रॉबर्ट हूक यांनी १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’त सोपे सूक्ष्मदर्शक करण्याची कृती दिली आहे. व्हेनिसच्या काचेचा फुटका तुकडा घ्यायचा, दिव्यावर तापवून केसासारखा धागा ओढायचा, आणि त्याचे टोक परत ज्योतीत धरायचे. पृष्ठताणामुळे टोकाशी आपोआप गोल मणी होतो, आणि तो मणी हेच भिंग. वर्गात हे जरूर करून पाहावे. एक-दोन मिलिमीटरचा गोळा पत्र्याच्या भोकात बसवून डोळ्याशी अगदी जवळ धरला, की कांद्याच्या सालीतल्या पेशी दिसतात. (धागा ओढताना हातमोजे आणि चष्मा हवाच, तुटलेले टोक बोटात गेले की सापडत नाही.)

त्याच शतकात पॅरिसमध्ये जाकँ नावाच्या कारागिराने नकली मोती केले. दिव्यावर फुगवलेला पोकळ काचेचा मणी, आतून माशाच्या खवल्यांपासून काढलेल्या चंदेरी रसाचा लेप, आणि मग मेण भरलेले. या चंदेरीपणाचे कारण पुढे कळले: खवल्यांत ग्वानीनचे पातळ स्फटिक असतात. डीएनएच्या चार अक्षरांतले एक अक्षर ते हेच ग्वानीन. म्हणजे आनुवंशिकतेचा रेणू कुणाला ठाऊक नसताना त्यातले एक अक्षर गळ्यातल्या खोट्या मोत्यांत चमकत होते.

पण माझ्या मते दिव्याच्या मेजाने विज्ञानाला दिलेली सर्वांत विलक्षण भेट म्हणजे ब्लाश्का पितापुत्रांची फुले. लिओपोल्ड ब्लाश्का (१८२२–१८९५) बोहेमियातल्या काचकारांच्या घराण्यातले. दागिने आणि काचेचे कृत्रिम डोळे हा त्यांचा धंदा. ज्या समुद्री प्राण्यांना स्पिरिटच्या बरणीत रंग आणि आकार उरत नाही, त्या जेलीफिश आणि समुद्रफुलांच्या प्रतिकृती ते १८६० नंतर काचेत करू लागले आणि संग्रहालये त्या विकत घेऊ लागली. हार्वर्ड विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज गुडेल यांनी त्या पाहिल्या, आणि ड्रेस्डेनजवळ लिओपोल्डना गाठून शिकवण्यासाठी फुलांच्या प्रतिकृती करण्याची गळ घातली. १८८७ ते १९३६ या काळात लिओपोल्ड आणि त्यांचा मुलगा रुडॉल्फ यांनी सुमारे ७८० वनस्पतींच्या काचेच्या प्रतिकृती केल्या. सगळ्या मिळून त्या चार हजारांवर भरतात. पाकळ्या, पुंकेसर, सूक्ष्मदर्शकातून दिसणारे छेद, सगळे काही. साधने मुख्यतः दिवा, भाता आणि चिमटे. मणी करणाऱ्या हातांनीच हे केले, हे लक्षात घेतले म्हणजे ‘कारागिरी’ आणि ‘शास्त्र’ असे कप्पे करण्याची आपली सवय जरा संकोचते.

आता एक अपयश, म्हणजे दुसरे. त्या शिबिरानंतर मी ठरवले की पुढच्या वेळी खऱ्या काचेचा मणी करून दाखवायचा. प्रयोगशाळेतल्या फुटक्या नळीची पारदर्शक काच आणि तिच्यावर ठिपके द्यायला बाजारातल्या रंगीत बांगडीचे तुकडे घेतले. मणी देखणा झाला. खिशात घालून चहाला गेले, तर खिशातच ‘टिक्’ असा आवाज झाला आणि मण्याचे दोन तुकडे हाती आले.

कारण प्रसरणगुणक. दोन काचा एकत्र वितळतात तेव्हा त्या गुण्यागोविंदाने नांदतात. भांडण सुरू होते ते निवताना. व्हेनिसच्या पद्धतीच्या मऊ काचेचा रेषीय प्रसरणगुणक दर अंश सेल्सिअसला एक कोटी भागांत सुमारे १०४ भाग असतो. मणी करणारे तिला नुसते ‘एकशेचार’ म्हणतात. भट्टीत तुकडे एकमेकांवर रचून, साधारण ८०० अंशांना वितळवून जोडण्याच्या कामासाठी ‘नव्वद’ची किंवा ‘शहाण्णव’ची काच वापरतात. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच असते अवघी ‘तेहेतीस’. एकशेचार आणि नव्वद यांची जोडी केली असे धरू. सुमारे ५०० अंशांना दोन्ही घट्ट झाल्या. तिथून खोलीच्या तापमानापर्यंत ४७० अंश उतरताना त्यांच्या आकसण्यात १४ × ४७०, म्हणजे एक कोटीत ६,५८० भागांचा फरक पडतो. काचेचा यंगचा गुणांक सुमारे ७० गिगापास्कल. गुणाकार केला तर ताण येतो जवळजवळ ४६ मेगापास्कल. रोजच्या हाताळणीने पृष्ठभागावर बारीक ओरखडे असलेली काच खेचली जाताना असे काही दहा मेगापास्कलच सोसू शकते. म्हणजे नव्वद-एकशेचारचा मणी आज नाही तर उद्या तडकणार. माझ्या खिशातल्या जोडीत फरक याच्या तिपटी-चौपटीने होता. तो चहा होईपर्यंत टिकला हेच नवल. अकरावीच्या वर्गाला हे गणित अवश्य घालावे. पुस्तकातल्या रेल्वेच्या रुळांमधल्या फटीपेक्षा ते मुलांना जास्त लागते, असा माझा अनुभव आहे.

एकाच जातीची काच वापरली तरी मणी ज्योतीतून काढून तसाच ठेवता येत नाही. बाहेरचा थर आधी थिजतो, आतला मागाहून आकसतो आणि आतल्या आत ताण अडकून राहतो. म्हणून तो ५०० अंशांच्या आसपास काही काळ ठेवून सावकाश निववावा लागतो. आज त्यासाठी विजेची भट्टी आहे. पूर्वी गरम राखेच्या मडक्यात मणी खुपसून ठेवत, आणि लहान मण्यांना ते पुरेसे होते. तुमच्याकडे ध्रुवण पट्ट्या (पोलरॉइड) असतील तर दोन पट्ट्या परस्परांना काटकोनात ठेवून मध्ये मणी धरा. ताण अडकला असेल तिथे काळ्या पार्श्वभूमीवर उजेडाचे पट्टे दिसतील.

डोळ्यांचीही गोष्ट सांगितली पाहिजे. काच ज्योतीत गेली की तिच्यातल्या सोडियममुळे सगळी ज्योत पिवळी भडकते आणि मणीच दिसेनासा होतो. हा तोच ५८९ नॅनोमीटरचा पिवळा, जो मीठ टाकल्यावर बर्नरमध्ये दिसतो. दिव्यावर काम करणारे जो फिकट जांभळा चष्मा लावतात त्यात डिडिमियम असते. हे मूलद्रव्य मानले जाई. आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ मध्ये त्याचे प्रेसिओडिमियम आणि निओडिमियम असे दोन भाग करून दाखवले. या दोघांचे क्षार नेमका तो पिवळा प्रकाश गिळतात, त्यामुळे चष्मा लावताच ज्योत जणू विझते आणि आतला लाल मणी स्वच्छ दिसतो. मात्र हा चष्मा अवरक्त किरण फारसे अडवत नाही. वर्षानुवर्षे भट्टीकडे पाहणाऱ्या कामगारांना होणारा मोतीबिंदू युरोपात परिचित होता. विल्यम क्रुक्स यांनी अवरक्त किरण अडवणाऱ्या काचांचा शोध घेऊन १९१४ मध्ये आपले काम प्रसिद्ध केले. आपल्याकडच्या किती मणी कारागिरांच्या डोळ्यांवर आजही साधा चष्मासुद्धा नसतो, ते कोणत्याही कारखान्यात डोकावून पाहावे.

रंगांचे शास्त्र टाकणखाराच्या मण्याचेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. कोबाल्ट दोन्ही ज्योतींत निळा. स्वीडनचे गेओर्ग ब्रांट यांनी अठराव्या शतकात दाखवून दिले की काचेचा हा निळा रंग, समजत होते तसा, बिस्मथचा नसून एका नव्या धातूचा आहे. कोबाल्टचा शोध तो हाच. मँगॅनीज ऑक्सिडीकारक ज्योतीत जांभळा, क्षपणकारक ज्योतीत बिनरंगी. तांब्याची मजा सर्वांत मोठी: भरपूर हवेत निळे-हिरवे, हवा कमी केली की अपारदर्शक लाल. इंडो-पॅसिफिक मण्यांतले विटकरी लाल मणी या तांब्याचेच आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी भट्टीतला धूर आणि हवा इतकी नेमकी राखत होते की सबंध घाण्यात तांबे क्षपित राहावे. व्हेनिसमध्ये सतराव्या शतकात याच तांब्याने ‘अव्हेंचुरीन’ काच दिली. तिच्यात तांब्याचे सूक्ष्म चपटे स्फटिक सोन्याच्या चुऱ्यासारखे चकाकतात. आपल्या बाजारात ती ‘सनस्टार’ वगैरे नावांनी खडा म्हणून विकली जाते. भिंगाखाली त्रिकोणी, षट्कोनी चकत्या दिसल्या की खड्याचे बिंग फुटते. मंगळसूत्रातला काळा मणीही बहुधा काळा नसतो. त्याचा पातळ कपचा प्रखर उजेडात धरला तर तो गडद जांभळा, हिरवा किंवा तपकिरी निघतो. लोह किंवा मँगॅनीज इतके भरलेले की प्रकाश पलीकडे पोहोचत नाही, एवढेच.

भारतात वळीव मणी जुनेच. पण व्हेनिस-बोहेमियाच्या धर्तीचे मेजावरचे काम वाराणसीत रुजले ते विसाव्या शतकाच्या मध्याच्या आगेमागे. त्यापूर्वी आपल्या बाजारात बोहेमियातल्या याब्लोनेट्सहून मण्यांचा मोठा माल येत असे. दुसऱ्या महायुद्धाने ती आवक तोडली, आणि युद्धानंतर तिथल्या जर्मनभाषक कारागिरांची हकालपट्टी झाली. त्यांनी बव्हेरियात नवे गाव वसवून धंदा पुन्हा उभा केला. बनारसचा मणी मात्र या मधल्या काळात पाय रोवून उभा राहिला. आता त्याला भौगोलिक निर्देशांकही मिळाला आहे.

आणि आता त्या मुलीच्या डुलांकडे. काच टिकवणारा घटक चुना, असे मी वर म्हटले. भारतीय काचेत चुन्याच्या जोडीला दुसराच एक घटक भरपूर सापडतो: ॲल्युमिना. रोमन काचेत तो दोन-तीन टक्के. भारतीय मण्यांत पाच टक्क्यांपासून दहाच्याही वर. कारण आपली नदीची वाळू निव्वळ सिलिका नसून ग्रॅनाइटच्या झिजेतून आलेले फेल्स्पार तिच्यात मिसळलेले असते, आणि सोडा येतो तो जमिनीवर फुललेल्या खारातून. ॲल्युमिनाने काच पाण्याला अधिक दाद देत नाही आणि तापलेली असताना अधिक चिकट राहते. तासन्तास नळी ओढायला ते सोयीचेच.

वाळूबरोबर काचेत तिच्या गावच्या खुणाही येतात. मण्यावर लेसरचा सूक्ष्म झोत टाकून केसाच्या जाडीचा खळगा पाडायचा, उडालेली वाफ वस्तुमान-वर्णपटमापकात न्यायची आणि पन्नासेक मूलद्रव्ये दशलक्षांशापर्यंत मोजायची. मण्याला नुसत्या डोळ्यांना दिसेल अशी इजाही होत नाही. अशा मापनांतून लॉर दुस्युब्यो, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवले की भारतीय सोडा-ॲल्युमिना काच एक नाही. श्रीलंका आणि दक्षिण भारतातल्या प्राचीन मण्यांत बेरियम जास्त आणि युरेनियम कमी. तर नवव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या दुसऱ्या गटात उलट, बेरियम कमी आणि युरेनियम नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. हे युरेनियम कुणी घातलेले नव्हते. ते त्या वाळूत होते. हा दुसरा गट सापडला तो केनियाच्या बाजूला आणि आपल्याकडे रायगड जिल्ह्यातल्या चौलला. अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना नारळी-पोफळीत लपलेले हे गाव एकेकाळी पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते. मणी तिथेच झाले, की आतल्या प्रदेशात होऊन तिथून गलबतावर चढले, याचे उत्तर वाळूतच शोधावे लागते, आणि ते काम अजून चालू आहे.

त्या मुलीला मी पुढे चौलच्या मण्याचे एक छायाचित्र पाठवले. सोबत बनारसी निळ्या मण्यांचे डूलही पाठवले. कोबाल्ट तोच, पण ते पावसाळ्यात पांढरे पडत नाहीत.